दार उघडून दाखवा

विज्ञान केंद्राच्या मागच्या अंगाला, जिथे पाहुण्यांना कधी कोणी नेत नाही, तिथे पत्र्याच्या छपराखाली एक कार्यशाळा आहे. पुढच्या दालनांत जे जे फिरतं, उडतं आणि बटण दाबलं की चमकतं, ते सगळं इथे जन्माला येतं आणि बिघडलं की इथेच परत येतं. शाळांच्या सहली आल्या की पोरं त्या वस्तूंच्या हात धुऊन मागे लागतात, त्यामुळे परत येणाऱ्यांची रांग कधी संपत नाही.

या कार्यशाळेत एक बाई काम करायची. केंद्रात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. घरात ती ‘धाकटी’ होती. दोन भावांतल्या धाकट्याची बायको म्हणून लग्नाच्या दिवशी हे नाव चिकटलं, ते नवरा गेला तरी सुटलं नाही. थोरल्या भावानं लग्नच केलं नाही, म्हणजे त्या घरात थोरली अशी कोणी नव्हतीच, तरी ही आपली धाकटीच. तिला त्याचं काही वाटत नसे. नावापेक्षा वाईट गोष्टी तिच्या पदरात पडल्या होत्या.

ती इथे आली होती पडदे शिवायला. अंधाऱ्या दालनाचे काळे पडदे शिवून झाले तेव्हा कार्यशाळेचे प्रमुख तिला म्हणाले, “बाई, शिवण इतकी सरळ येते तर कापणंही येईल.” हे प्रमुख पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तिला प्लास्टिकची जाड काच कापायला शिकवलं, कडा घासायला शिकवलं, सांध्याला रबराची पट्टी अशी चिकटवायला शिकवलं की मधून हवासुद्धा जाणार नाही. न विचारता समजावून सांगायची त्यांना खोड होती. फळा नसला तर ते लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं आकृत्या काढत, आणि मग तो तुकडा कामाचा होता हे आठवून कपाळावर हात मारत.

त्या वर्षी केंद्रात हवेचं दालन व्हायचं होतं. वारा कसा वाहतो, हवेला वजन असतं, ती दाबते, ढकलते, हे पोरांना हात लावून कळायला हवं होतं. धाकटीनं त्यासाठी पुष्कळ खेळणी केली. एका पंख्याच्या झोतावर चेंडू तरंगायचा, झोत तिरका केला तरी पडायचा नाही. दुसरीकडे दोन हलके चेंडू दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगले होते. मास्तरांनी तिला विचारलं, “बाई, या दोघांच्या मधून फुंकर मारली तर काय होईल?”

“लांब जातील. दुसरं काय होणार?”

“मारा बरं.”

तिनं फुंकर मारली आणि दोन्ही चेंडू एकमेकांवर टक्कन आपटले. तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. “पळत्या हवेत दाब कमी झाला. मग बाहेरच्या हवेनं दोघांना आत रेटलं. आपल्याला वाटतं, कोणीतरी ओढतंय. हवा कधी ओढत नाही, बाई. ती नेहमी ढकलते.”

धाकटीनं मान डोलावली. मास्तरांच्या बोलण्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं आणि निम्मं हातात उतरायचं, तेवढ्यावर तिचं काम भागायचं.

आता तिच्या नवऱ्याचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. थोरला आणि तो एकाच कारखान्यात होते. थोरला बाहेर लाकूड घासायचा आणि हा आत स्प्रेच्या खोलीत रंगाचे, लॅकरचे हात द्यायचा. ती खोली लहान, एका दाराची. रंगाची वाफ बाहेर जावी म्हणून भिंतीत हवा खेचणारा ब्लोअर बसवलेला होता, आणि बाहेरची हवा आत यावी म्हणून समोरच्या भिंतीला खाली एक जाळी होती. थिनरच्या वाफेत ठिणगी उडू नये म्हणून ब्लोअरचं बटण खोलीबाहेर, दाराच्या चौकटीजवळ. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं.

शेवटचा हात देताना पॉलिशवाल्यांचा जीव मुठीत असतो. ओल्या लॅकरवर धुळीचा एक कण बसला तरी सगळं काम घासून पुन्हा करावं लागतं. म्हणून त्या धंद्यात एक सवय होती. शेवटच्या हाताच्या वेळी जाळीवर बाहेरून वर्तमानपत्राचा कागद चिकटपट्टीनं चिकटवून टाकायचा, म्हणजे धूळ यायला वाटच नाही. दाराच्या कडांनाही त्यासाठीच नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा पट्टा, लावलेला होता. आणि कोणी मध्येच दार उघडू नये म्हणून बहुतेक कारागीर आतून कडी लावून घेत. धाकटा मात्र लावत नसे. बंद खोलीची त्याला लहानपणापासून धडकी. घरात न्हाणीघराची कडीसुद्धा तो लावत नसे, मोठमोठ्यानं गात बसायचा, म्हणजे आत माणूस आहे हे कळावं. कारखान्यात तो बाहेरच्या मुठीला लाल चिंधी बांधायचा, की आत येऊ नका.

ज्या दिवशी तो गेला, त्याच्या आदल्याच आठवड्यात मालकानं जुना ब्लोअर काढून मोठा, दांडग्या ताकदीचा बसवला होता. दुपारची वेळ होती. आतून दारावर धक्के ऐकू आले. थोरला धावत आला, मूठ धरून ओढली, दार हलेना. ब्लोअरच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नव्हतं. “कडी काढ! अरे, कडी काढ!” म्हणून तो ओरडला. दोन्ही हातांनी ओढलं, भिंतीला पाय लावून ओढलं. मग तो पहार आणायला गोदामाकडे पळाला. पहारीनं चौकट फोडली, कडी, बिजागऱ्या सगळं उखडून आलं, तेव्हा धाकटा दाराशीच पडलेला होता. थिनरच्या वाफेनं त्याचा जीव गेला होता.

“आतून कडी होती,” थोरला म्हणाला. मालकालाही तेच हवं होतं. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे कागदावर. लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं! दारावर कडी लावून, वाफेत बसून कोण मरतं? एक म्हणाला, प्यायला होता. दुसरा म्हणाला, थिनर हुंगायची सवय असते या लोकांना. आणि ज्यांना आपण फार समजूतदार आहोत असं वाटत होतं, ते आवाज खाली करून म्हणाले, स्वतःच केलंन, घरात काहीतरी असणार. घरात म्हणजे धाकटीत. ती घसा फोडून सांगायची, अहो, ते कडी लावतच नसत. लोक मान हलवायचे, ‘बिचारी’ म्हणायचे आणि पुढच्या दारी जाऊन पुन्हा कडीचीच गोष्ट सांगायचे. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे लोकांच्या फार सोयीचं असतं.

पोर तेव्हा रांगत होती. ती मोठी झाली ती बापाच्या नावाला लागलेली ही कडी ऐकतच. शाळेत भांडण झालं की शेवटी कोणीतरी तिचा बाप काढायचंच. एकदा ती घरी येऊन म्हणाली, “आई, मी त्यांना नको होते का गं?” त्या दिवशी धाकटीनं ठरवलं, आपण मरायच्या आधी ही कडी निघाली पाहिजे. कशी निघणार, ते तिला ठाऊक नव्हतं.

थोरल्याचं म्हणाल तर त्यानं पुढचं सगळं आयुष्य त्या घराला वाहिलं. लग्नाचा विषय काढला की हसून उडवून लावायचा. पोरीला सायकल शिकवली, तिच्या तापात उशाशी बसला, म्हाताऱ्या आईचे पाय चेपले. धाकटीला तो कधी चढ्या आवाजात बोलला नाही. फक्त कडीचं निघालं की मान खाली घालून म्हणायचा, “धाकटे, मी ओढलं गं. अंगात होतं नव्हतं तेवढं लावून ओढलं. कडी होती.”

हवेच्या दालनात एक खोलीवजा पेटी व्हायची होती. माणूस आत उभा राहू शकेल एवढी, एका बाजूला ब्लोअर, समोर खिडकी. पोरांनी आत उभं राहायचं आणि अंगावरून वारा वाहताना बघायचा, असा मास्तरांचा बेत. पेटी उभी राहिली, दार लागलं, दाराला बघायला प्लास्टिकची काच बसली. धाकटीनं सगळ्या सांध्यांना रबर लावलं. एका सकाळी तिनं आतून रंग दिला आणि रंग लवकर वाळावा म्हणून ब्लोअर लावून ठेवला. शेजारी सुतार फळ्या कापत होता, भुसा उडून खिडकीतून आत जायला लागला. ओल्या रंगावर भुसा बसणार म्हणून तिनं पटकन एक जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि खिडकीवर चिकटपट्टीनं चिकटवून टाकलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून रोज ऐकलेलं, हातानं आपोआप केलं.

थोड्या वेळानं रंग बघायला तिनं दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही.

“मास्तर, याला आतून कडी कोणी लावली?”

मास्तर चष्मा कपाळावर चढवत आले. “कडी? आत आहे कोण लावायला? आणि कडी बसवलीय कुठे अजून?”

तिनं काचेतून आत पाहिलं. आत कोणी नव्हतं. नुसत्या रंगवलेल्या भिंती आणि दाराची कोरी आतली बाजू.

मास्तरांनी ओढून पाहिलं, सुताराला बोलावलं, दोघांनी मिळून ओढलं. मग मास्तरांचं लक्ष कागदाकडे गेलं. तो आतल्या बाजूला फुगून ताणला होता, फाटायच्या बेताला आला होता. ते एकदम टाळी वाजवून हसले. “बाई, कमाल केलीत! खिडकी बंद, ब्लोअर चालू. आतली हवा खेचून घेतली, नवी यायला जागा नाही. आत दाब कमी, बाहेरची हवा दाराला रेटून बसलीय. पैलवान उभे आहेत म्हणा ना या दारावर! ब्लोअर आणखी मोठा असता तर हा कागद फाटूनच गेला असता. मागे जाळी असती तर टिकला असता.”

“आणि आत माणूस असता तर?” तिनं विचारलं.

“त्यालाही ढकलता आलं नसतं.”

“आणि आत वाफ असती तर? रंगाची, थिनरची? ती ब्लोअरनं गेली नसती बाहेर?”

“कशी जाईल? हवा आत आली तर बाहेर जाईल. पंखा नुसता गरगरत राहणार, आतली हवा आतच.” मास्तर अजून हसत होते. “हे बघा, हे बटण बंद केलं…” त्यांनी बटण बंद केलं, ब्लोअरचा आवाज खाली आला, आणि एका बोटानं ओढताच दार उघडलं. “…की संपलं!”

धाकटी तिथेच भुशात खाली बसली. मास्तरांना वाटलं, चक्कर आली. त्यांनी पाणी मागवलं. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. कडी नव्हती. तिच्या नवऱ्यानं शेवटच्या हातासाठी जाळीवर कागद लावला, सगळे लावायचे तसा, आणि नव्या ब्लोअरनं दार दाबून धरलं. तो आतून ढकलत होता. त्याला बाहेर यायचं होतं. त्याला घरी यायचं होतं.

मास्तरांनी वाऱ्याची पेटी रद्द करून त्या पेटीचं नवंच काहीतरी करायचं ठरवलं. खिडकीला सरकती झडप, ब्लोअर, दार आणि दाराशेजारी बटण. वर पाटी, ‘दार उघडून दाखवा’. धाकटीनं ते काम जीव ओतून केलं. रबर असं लावलं की ब्लोअरची ताकद कमी करावी लागली, नाहीतर पोरांचे खांदे निखळले असते.

घरी तिनं आधी लेकीला सांगितलं. लेक आता कॉलेजात जात होती, बापाविषयी बोलणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. आई सांगत असताना ती आधी नुसती ऐकत राहिली. मग तिनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन रडली. डोळे पुसून म्हणाली, “काकांना दाखवू या. त्यांनी स्वतः ओढून बघू दे.”

आजीला आत्ता सांगायचं नाही, नंतर काकाच सांगतील, असं दोघींचं ठरलं.

दालन सुरू झालं त्या सकाळी थोरला इस्त्रीचा शर्ट घालून आला. घरच्यासारखी लाजलीस तर खबरदार, तू तर इथली मोठी साहेबीण, अशी धाकटीची थट्टा करत तो चेंडू, पंखे, सगळं कौतुकानं बघत फिरला. पेटीशी आल्यावर लेक म्हणाली, “काका, उघडून दाखवा बघू.”

“हात्तिच्या, हे होय!” त्यानं मूठ ओढली. मग शर्टाच्या बाह्या सारल्या. मग दोन्ही हात लावले. चौकटीला पाय लावला. धाकटीला ते बघवेना, पण तिनं नजर हटवली नाही.

तो मागे सरून धापा टाकत म्हणाला, “आतून कडी आहे गं.”

“कडीच नाहीये काका. काचेतून बघा ना!”

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लेकीनं मास्तरांकडून शिकलेलं सगळं भराभरा सांगितलं, कागद, जाळी, हवा, दाब. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला होता. शेवटी तिनं बटण बंद केलं आणि दार हलकेच उघडून त्याच्या अंगाशी आलं.

“म्हणजे त्यानं कडी लावली नव्हती,” थोरला म्हणाला.

हे एक वाक्य ऐकायला धाकटीनं उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला. तो उतरल्याचं सुख तिला एक श्वास घेण्यापुरतं मिळालं.

थोरला खाली लावलेली सूचना वाचत होता. ‘दार ओढा. उघडत नाही? बटण बंद करा आणि पुन्हा ओढा.’ त्यानं उजव्या हातानं पुन्हा मूठ धरली. त्याचा डावा हात आपोआप वर गेला आणि बटणावर टेकला.

“इथंच होतं,” तो म्हणाला. “असंच. डाव्या हाताशी.”

“भाऊजी…”

“मी पहार आणायला गेलो, धाकटे.”

इतका वेळ तिच्या डोक्यात फक्त कडी होती. बटणाचा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. मास्तरांनी तिच्या डोळ्यांदेखत ते बंद करून दाखवलं होतं, तरी नाही. तिनं नवऱ्याला सोडवलं होतं आणि दिराला त्या खोलीत लोटलं होतं.

त्यानंतर थोरला कारखान्यात गेला नाही. सकाळी उठून तो विज्ञान केंद्रात यायचा, तिकीट काढायचा आणि हवेच्या दालनात पेटीशेजारी उभा राहायचा. पोरं दाराला हात लावायच्या आतच तो बटण बंद करायचा. “आधी बटण, बाळांनो. आधी बटण बंद करायचं.” पोरं हिरमुसायची. दार सहज उघडायचं, त्यात गंमत काय? एखादा दांडगट पुन्हा बटण चालू करायचा, की हा पुन्हा बंद करायचा. केंद्र बंद व्हायची वेळ झाली की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. ताटातलं अन्न चिवडून उठायचा. शर्ट अंगावर लोंबायला लागले.

दालनाच्या राखणदारानं तक्रार केली. मास्तर कार्यशाळेत येऊन म्हणाले, “बाई, एक गृहस्थ रोज येतात आणि आपल्या पेटीला कोणाला हात लावू देत नाहीत. ओळखीचे आहेत का?”

“माझे मोठे दीर आहेत,” ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगितलं. मास्तर लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिल टेकवून बसून राहिले. “पेटी काढून टाकू का?” त्यांनी विचारलं. काढून काय होणार होतं? पेटी आता थोरल्याच्या डोक्यात होती.

म्हातारीला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण घरात काय शिजतंय हे म्हाताऱ्या माणसांना वासानं कळतं. एका दुपारी धाकटी तिच्या केसांना तेल लावत होती. म्हातारी मागे न बघताच म्हणाली, “तू त्याला तिथं कशाला नेलंस?”

धाकटीचा हात थांबला. “आई, ह्यांनी कडी लावली नव्हती. ते कळायला नको का?”

“मला का ठाऊक नव्हतं? माझं पोर ते. न्हाणीघरात गाणी म्हणत बसायचं. ते कडी लावील?” म्हातारीचा आवाज थंड होता. “दार कशानं अडलं, ते मी विचारलं नाही. एक विचारलं असतं तर दुसरं निघालं असतं. एक गेला होता माझा. दुसरा तेवढा उरला होता. मेलेल्यावर काय वाट्टेल ते टाक गं, त्याला लागत नाही. मी रोज ऐकून घेतलं, माझ्या पोरानं जीव दिला म्हणून. तोंड शिवून ऐकलं. आणि तू त्याला हाताला धरून नेलंस, दाखवायला!”

“मला माझ्या लेकीसाठी…”

“तुझी लेक. आणि माझा लेक?”

धाकटीला तिचा संताप आला. इतकी वर्षं ही बाई सगळं जाणून गप्प बसली, सुनेला लोकांच्या तोंडी दिलं, नातीला दिलं. तिला वाटलं, तेलाची वाटी आपटावी आणि निघून जावं. ती गेली नाही. म्हातारीची मान थरथरत होती, आणि पलीकडच्या खोलीत थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता.

सुट्टीचा दिवस होता, केंद्र बंद. दुपारी सगळे जेवायला बसले. थोरल्याचं ताट तसंच होतं. धाकटी वाढता वाढता म्हणाली, अगदी बाजारातलं काही सांगावं तशी, “भाऊजी, मी मास्तरांना नीट विचारलं पुन्हा.”

त्यानं वर पाहिलं नाही.

“मी त्यांना कारखान्याच्या खोलीची मापं सांगितली. दार केवढं, जाळी केवढी. ते म्हणाले, ती पेटी वेगळी, ही खोली वेगळी. पेटीला मी रबर लावलंय, तिथं नुसता नमदा. फटी असणारच. नुसत्या हवेनं ते दार अडकणं शक्य नाही म्हणाले. तुमच्यासारख्यानं ओढल्यावर तर नाहीच.”

लेकीचा घास हातातच राहिला. ती आईकडे बघत होती.

“मग?” थोरल्यानं विचारलं. किती दिवसांनी त्याचा आवाज घरात ऐकू आला.

“मग कडीच असणार. शेवटचा हात होता, लावली असेल त्या दिवशी. बटण बंद करून काही झालं नसतं, भाऊजी. पहारच लागली असती.”

थोरला धाकटीकडे बघत राहिला. त्याला विश्वास ठेवायचा होता, आणि एकट्या तिच्या शब्दावर ठेवता येत नव्हता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मग त्यानं पुतणीकडे तोंड वळवलं. ती शिकलेली होती. हवा, दाब सगळं तिनंच त्याला सांगितलं होतं.

“खरं का गं?” त्यानं विचारलं.

लेकीनं घास ताटात ठेवला. एकदा तिनं आजीकडे पाहिलं, आजी मान खाली घालून बसली होती.

“हो काका,” ती म्हणाली. “मी चुकीचं सांगितलं होतं. बाबांनी कडी लावली होती.”

थोरल्यानं मोठा श्वास सोडला. थोड्या वेळानं त्यानं ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. आधी हळूहळू, मग भुकेल्यासारखा. धाकटीनं त्याला पुन्हा वाढलं. म्हातारीनं पाणी मागितलं, ते आणायला लेक उठली आणि आत जाऊन बराच वेळ आलीच नाही.